धाकू ष्टोरच्या विहिरीतलं सोनं

धाकू ष्टोरच्या विहिरीत सोन्याची बिस्किटं आहेत, अशी कुजबूज त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास वाडीत सुरू झाली आणि आंबा उतरेपर्यंत बिस्किटांच्या विटा झाल्या. कुणी म्हणे दुबईच्या, कुणी म्हणे एडनच्या. बाबल्याने तर शपथेवर सांगितलं की तिन्हीसांजेला धाकू विहिरीचं झाकण उघडतो तेव्हा आतून पिवळा उजेड वर येतो. बाबल्या तिन्हीसांजेला कुठून परत येत असतो आणि त्या वेळी त्याला काय काय पिवळं दिसतं, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. पण गोष्ट सोन्याची असली की साक्षीदाराच्या तोंडाचा वास कोण घेत बसतो?

ते दिवसही तसेच होते. किनाऱ्यावर कुठे ना कुठे रात्रीचा माल उतरल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. ज्याच्या घरावर मंगलोरी कौलं चढली, त्याच्याकडे लोक तिरक्या नजरेनं बघायचे. धाकूच्या घरावर कौलं जुनीच होती. पण लोक म्हणाले, तीच तर हुशारी.

आता धाकू कोण, ते सांगायला हवं. धाकू जन्मभर बोटीवर होता. कप्तान नव्हे, सारंगही नव्हे. तो बोटीच्या कोठारावर होता. तांदूळ, डाळ, साबण, दोरखंड, गोड्या पाण्याची टाकी आणि औषधांची पेटी, एवढं त्याचं राज्य. म्हणून वाडीने त्याला ‘ष्टोर’ हे नाव दिलं, आणि त्यानेही ते पदवीसारखं मिरवलं. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा सोयरेधायरे घड्याळं, रेडिओ, अत्तराच्या बाटल्या यांची वाट बघत पडवीत बसले होते. धाकूने ट्रंक उघडली. आत रबरी पट्टीची झाकणं असलेले रिकामे डबे निघाले, एकात एक घातलेले.

“पाणी शिरत नाही यात,” तो कौतुकाने म्हणाला. सोयरे चहा पिऊन गेले.

घरात आल्यापासून त्याने घराची बोट केली. आंघोळीला अर्धी बादली. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला, भांड्यांचं पाणी अळवाला, अळवातून वाहून गेलं तर का गेलं याची चौकशी. माजघरात औषधांची पेटी: सुंठ, कुड्याची साल, ओव्याचा अर्क, तापाच्या गोळ्या, जखमेचं लाल औषध. ती उघडायची तर आधी धाकूला दुखणं समजावून सांगावं लागे.

“पोटात दुखतंय म्हणजे नक्की कुठे?”

“आता काय नकाशा काढून दाखवू?” सगुणा म्हणायची. “आणि ही काय बोट हाय? बुडली तर चालत जाऊ पलीकडं.”

सगुणा म्हणजे धाकूची बायको. आवाज असा, की तिने घरात कोंबडीला हाकललं तरी समोरच्या टेकडीच्या सड्यावरचा गुराखी दचकायचा. सुनेविषयी तिचं मत वाडीला तोंडपाठ होतं. सून भाकरी जाड करते, अंगण झाडते की वाऱ्याला हात दाखवते ते कळत नाही, आणि नारळ खवते तर करवंटीसकट. सून मालन दाभोळकडची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा सदू मुंबईला छापखान्यात, आणि ही इथे, सासूचा आवाज आणि सासऱ्याची अर्धी बादली यांच्यामध्ये.

मालनचं दुखणं आधी कळलं ते धाकूला, आणि तेही पाण्यावरून. माजघरातला हंडा रोज ठरल्या वेळेआधी रिकामा व्हायला लागला. कोठारावरच्या माणसाचं रक्तच तापलं. त्याने हंड्याचं बूड तपासलं, मांजरावर संशय घेतला, सगुणेवर घेतला आणि त्याची शिक्षाही भोगली. शेवटी दाराआड उभा राहून त्याने पाहिलं, तर मालन तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. पुन्हा थोड्या वेळाने तेच. आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

“पोरगी सुकतेय गो,” तो सगुणेला म्हणाला.

“माहेरची आठवण. होईल बरी.”

ती बरी झाली नाही. एका सकाळी चुलीपुढेच कोसळली. मग मिळेल त्या टेम्पोतून रत्नागिरी, मोठा दवाखाना, सलाईन. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात साखर आहे. इन्सुलिनचं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. एक दिवसही चुकवायचं नाही. औषध थंड ठेवायचं. उन्हाने तापलं तर त्यातला गुण जातो, आणि मग पोरगी राहत नाही.

परत येताना एस.टी. स्टँडवर सगुणा हळू आवाजात बोलायला लागली. धाकूला भीती वाटली. बायकोचा हळू आवाज त्याने क्वचितच ऐकला होता.

“कुणाला कळता कामा नये,” ती म्हणाली.

“सदूला?”

“सदूला कळू दे. पण तुमच्या लेकाला जो शेवटी भेटतो त्याचंच खरं वाटतं. आणि गंगुबाईला कळलं, की शेवटची भेटणारी तीच.”

ही गंगुबाई शेजारची, मधल्या दगडी गडग्यापलीकडची. तिची भाची मैना लग्नाची होती आणि सदूवर तिची कधीपासून नजर. मालनशी लग्न लागलं तेव्हा गंगुबाईने अक्षता अशा टाकल्या होत्या की भटजींनी डोळे मिटून घेतले. मालन वाळायला लागल्यापासून ती रोज गडग्यावर कोपर टेकून उभी राहायची.

“सगुणावहिनी, पोर काय धड दिसत नाय गो. बाहेरचं काय तरी असंल. माहेरी धाडून दे. सदूचं वय काय गेलंय?”

सुई टोचून जगणारी सून म्हटल्यावर गंगुबाईला मुंबईचं तिकीट काढायला दुपारही लागली नसती. मालनला हे ठाऊक होतं. ती कुणाशी काही बोलत नसे, पण गडग्याकडे पाठ करून भांडी घासायची.

तर प्रश्न आला थंडाव्याचा. वाडीत वीज होती, म्हणजे तिचे खांब होते. फ्रीज कुणाकडेच नव्हता. धाकू म्हणाला, बोटीवर सगळं सांभाळलं, ही इवलीशी बाटली काय. तो बंदरावर गेला, मासळीसाठी फोडतात तो बर्फ आणला, खोक्यात भुसा भरला आणि बाटली बर्फात नीट पुरली. बर्फात जितकं खोल तितकं चांगलं, हा त्याचा सुरमईचा अनुभव. सकाळी बाटलीत खडा झालेला. उकळत्या पाण्यातून काढलेली सुई हातात धरून मालन बघत राहिली.

डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं. “हे औषध आहे काका, मासळी नाही. गोठलं की संपलं. नुसतं गार हवं. विहिरीत पाण्याच्या वर टांगा.”

धाकूचा चेहरा पडला. पण विहीर म्हटल्यावर परत उजळला. घरामागच्या परड्यातली त्याची विहीर जांभा फोडून खोल नेलेली, वर फणसाची सावली. त्याने पितळेची कळशी घेतली, तिच्यात ओली फडकी, फडक्यात रबरी झाकणाचा डबा, डब्यात बाटल्या. ज्या डब्यांना सोयरे हसले होते ते अखेर कामाला आले, हे तो मालनला दोनदा सांगून मोकळा झाला. कळशी दोराने खाली सोडायची, पाण्याला टेकू द्यायची नाही. पाणी जसं खाली जाईल तसा दोर वाढवायचा. सकाळी एकदा वर, तिन्हीसांजेला एकदा वर. आणि पुढे पावसाळा. वहाळ फुगून त्याचं पाणी रस्त्यावर आलं की एस.टी. आठ-आठ दिवस वाडीचं तोंड बघत नसे. म्हणून पावसाळाभराच्या बाटल्या उन्हाळ्यातच आणून ठेवायच्या. पोळ्यापर्यंतची पोरीची सगळी बेगमी त्या एका दोरावर लोंबकळणार होती.

मग त्याने विहिरीवर फळ्यांचं झाकण केलं आणि त्याला कुलूप लावलं.

आता पंचाईत अशी, की वाडीची विहीर दर वर्षी उन्हाळ्यात तळ दाखवायची आणि बाया धाकूच्या विहिरीवर यायच्या. त्यांना नाही म्हणायचं तर पाप, हो म्हणायचं तर कळशीवर कळशी आदळणार. धाकूने डोकं लढवलं. भंगारवाल्याकडून मोठी पिंपं आणली, राखेने, चिंचेने, नारळाच्या काथ्याने घासली, आणि विहिरीला पाणी होतं तोवर भल्या पहाटे उपसून भरून ठेवली. उन्हाळ्यात बाया आल्या की पुढच्या दारी पिंपातलं पाणी द्यायचं, मागे कुणाला जाऊ द्यायचं नाही. बेत चोख होता. फक्त पिंपांत आधी कसली तरी अंगाला लावायची पावडर होती, आणि तिचा वास चिंचेला दाद देईना. त्या उन्हाळ्यात धाकूच्या घरचा चहा गुलाबाचा लागायचा.

वैशाखात गंगुबाई हंडा घेऊन आली.

“भावोजी, विहीर असताना पिंपातलं पाणी?”

“विहिरीचं खराब झालंय.”

“काय पडलं?”

“बेडूक.”

“आणि कुलूप बेडकाला घातलंत?”

बोटीवर अरबांशी हुज्जत घालून आलेला धाकू लगबगीने पिंपाकडे वळला. त्याने हंडा गच्च भरून दिला. गंगुबाईने वास घेतला आणि संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं, की धाकू विहिरीत सोनं धुतो, म्हणून पाण्याला परदेशी वास येतो.

अफवा आधीपासून होतीच. आता तिला वासही आला. लोक धाकूला वाटेत थांबवून उगाच विचारायचे, “काय ष्टोर, भाव काय चाललाय?” धाकू म्हणायचा, कसला भाव? आणि ते एकमेकांना कोपर मारायचे. तो चिडला की त्यांची खात्री पटायची. तो हसला की आणखी पटायची. घरी येऊन तो सगुणेवर चरफडायचा. “कुठल्या मेल्याने हे पिल्लू सोडलं ते मला कळू दे.” सगुणा तांदूळ निवडत असायची. ती म्हणायची, “लोकांच्या तोंडाला झाकण आणलं असतंत बोटीवरून, तर कामाला आलं असतं.”

आणि मग एका दुपारी कष्टमवाल्यांची जीप आली.

कुणी कळवलं हे कधी उघड झालं नाही. गंगुबाई मात्र त्या दिवशी सकाळपासूनच नवं लुगडं नेसून गडग्याला उभी होती. साहेब तरुण होता, घामाने भिजलेला, बरोबर दोन शिपाई. जीपमागे अख्खी वाडी. बाबल्या सर्वांत पुढे, साक्षीदाराच्या तोऱ्यात.

“विहीर उघडा,” साहेब म्हणाला.

धाकूने किल्ली काढून झाकणाचं कुलूप उघडलं. बाहेर ऊन असं, की जांभ्यावर पाय ठरत नव्हता. डबा वर आला की पावसाळाभराच्या बाटल्या त्या उन्हात मांडल्या जाणार, आणि गडग्यावर वाडीचे डोळे. औषधही जाणार आणि झाकलेलंही. त्याने मालनकडे पाहिलं. ती मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

तेवढ्यात सगुणा घरातून बाहेर आली. दोन्ही हातांत ओली लुगडी, पाणी टपटप गळतंय. कुणाकडे न बघता तिने ती गडगा आणि विहीर यांच्यामधल्या दोरीवर पसरली. एक नऊवार, तिच्याशेजारी दुसरं नऊवार. गडग्यावरच्या मंडळींना दिसायचं ते बंद झालं.

“गो, बाजूला कर ते!” गंगुबाई ओरडली.

“का गो? आमच्यात कपडे वाळत घालायला मुहूर्त बघत नाहीत. आणि तुमची काय जत्रा हाय इथं? कोंबडे आणलेत काय?”

धाकूचा जीव टांगणीला लागलेला, तरी त्याच्या तोंडून निघालंच, “पिंपातल्या गोड्या पाण्यात बुडवलीस?”

“नाय, समुद्रावर जाऊन आले,” सगुणा म्हणाली.

शिपायाने दोर ओढला. कळशी वर आली. साहेबाने ओली फडकी काढली, डबा उघडला, एक बाटली उचलून उन्हात धरली आणि लेबल वाचायला लागला. तो वाचत होता, आणि पलीकडे लोक पायाच्या चवड्यांवर उभे राहत होते.

“हे कुणाचं?” त्याने विचारलं.

धाकूने तोंड उघडलं, पण मालन त्याच्या आधी पुढे आली. लग्न होऊन आल्यापासून परक्या पुरुषाशी ती पहिल्यांदाच बोलत असावी.

“माझं,” ती म्हणाली. “उन्हात धरू नका.”

आणि तिने ती बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, डब्यात ठेवली, डबा पदराखाली घेतला. सरकारी माणसाच्या हातातून वस्तू काढून घेणं हा गुन्हा आहे की काय, हे त्या साहेबालाही बहुधा आठवेना. तो तिच्या काडीसारख्या मनगटाकडे बघत राहिला.

“साहेब,” धाकू हळूच म्हणाला, “त्यांना सांगू नका.”

“का?”

सगुणाने लुगड्याकडे मान हलवली. “गंगुबाईच्या भाचीला आमच्या घरात जागा करायची हाय, म्हणून.”

साहेबाला भाचीचं काय ते कळलं असो वा नसो, औषध झाकून ठेवायचं आहे एवढं मात्र कळलं. त्याने शिपायाला खूण केली. मालनने स्वतः फडकी ओली केली, डबा कळशीत ठेवला, आणि कळशी पुन्हा खाली गेली. साहेब लुगड्याच्या वरून मान काढून म्हणाला, “विहिरीत काही नाही. घरी जा सगळे.” मग पडवीत बसून त्याने कोकमाचं सरबत घेतलं. त्यालाही गुलाबाचा वास आला असावा, कारण तो एकदम हसला. हसतच जीपमध्ये बसला आणि गेला.

झालं. वाडीला आणखी काय हवं होतं? साहेब आत गंभीर गेला आणि बाहेर हसत आला.

“बिस्किटं दिली,” बाबल्या म्हणाला. “मी बघितली. खिसा फुगला होता.”

“तुला लुगड्यातून दिसली?”

“सोन्याची चमक रे मेल्या. कापड आडवं येत नाय.”

त्या दिवसापासून मात्र एक बदल झाला. गंगुबाई मालनला लाडाने ‘बाय’ म्हणायला लागली. पोरीचं वाळणं आता वाडीला सहज समजलं. सोन्यावर नजर ठेवायची म्हणजे झोप कुठली, आणि झोप नाही म्हणजे अंगाला मांस कुठून धरणार? माहेरी धाडण्याची भाषा बंद झाली. सोन्याच्या घरची सून कोण माहेरी धाडतं? उलट गंगुबाईच मैनेला सांगायची, मालनताईशी जरा मैत्री ठेव गो. पावसाळा आला, वहाळ रस्त्यावर आला, एस.टी. बंद झाली. विहीर भरत वर आली तसतसा धाकू दोर आखूड करत गेला, आणि मालनने एकही सुई चुकवली नाही. श्रावणात तिच्या बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. सगुणाने लगेच जाहीर केलं की सून आता खाते फार.

पण धाकूच्या मनातून जीप काही जाईना. बोटीवर तीस-पस्तीस वर्षं कोठार सांभाळलं, एक साबणाची वडी इकडची तिकडे झाली नाही, आणि म्हातारपणी चोर म्हणवून घ्यायचं? त्याने चौकशी मांडली. बाबल्याला गाठलं.

“कुणी सांगितलं रे तुला पहिल्यांदा?”

“मी डोळ्यांनी बघितलं ना!”

“त्याच्या आधी.”

बाबल्याने डोकं खाजवलं. “गंगुबाईने.”

धाकू गडग्यावर गेला. गंगुबाई आता त्याला फार मानत होती, तेव्हा तिने आढेवेढे न घेता सांगितलं. “माझं काय नाय हां भावोजी. पिठाच्या गिरणीत बाया बोलत होत्या. रांगेत.”

“कोण बाया?”

 गंगुबाई पदर तोंडाला लावून हसली आणि घरात निघून गेली.

धाकू गिरणीवर गेला. गिरणवाला महिपत पिठाने पांढरा, कानाने अर्धा बहिरा. पण बायांच्या रांगेतलं त्याला सगळं ऐकू यायचं. धाकूने विचारलं. महिपतने पट्टा थांबवला, भुवयांवरचं पीठ झटकलं आणि म्हणाला, “ष्टोर, घरी जा आणि घरात विचार.”

धाकू घरी आला. सगुणा चुलीशी होती, मालन भाकरी थापत होती.

“तू?”

“मी,” सगुणा म्हणाली. “भाकरी जाड होतेय गो मालन.”

विहिरीत सोनं कधीच नव्हतं. मालनचं इन्सुलिन होतं. सोनं आहे असं शिमग्याच्या आधी गिरणीच्या रांगेत सगुणानेच सांगितलं होतं, कारण कुलूप दिसल्यावर लोक विचारणारच होते, आणि सोनं म्हटल्यावर औषध कुणाच्या मनातही आलं नसतं.